दोनशे वर्षांचा डबल बास आणि भजनी मंडळाची वीणा

प्रश्न : पुतण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक कारागीर माणसाच्या उंचीचं व्हायोलिन टेबलावर आडवं ठेवतो, सुरीने त्याची वरची फळी सोडवतो, आतल्या भेगा जोडतो, पुन्हा सगळं बंद करतो आणि शेवटी वाजवून दाखवतो. पुतण्या म्हणाला, याला डबल बास म्हणतात आणि हा दोनशे वर्षांचा आहे. इतकं जुनं वाद्य उघडलं तर आवाज बिघडत नाही का? एवढ्या खटपटीपेक्षा नवंच का घेत नाहीत? विचारण्याचं कारण आमच्या भजनी मंडळाची वीणा. तिच्या भोपळ्याला तडा गेला आहे, तबलीलाही भेग पडली आहे. काही जण म्हणतात नवी घेऊ, काही म्हणतात गावच्या सुताराकडून फेव्हिकॉलने चिकटवून घेऊ. आपल्याकडे अशी दुरुस्ती कुणी करतं का?
– एक वाचक, आसेगाव (जि. वाशीम)

उत्तर : निकडीचं आधी सांगतो. सुताराला तूर्त थांबवा आणि वीणेला फेव्हिकॉल लागू देऊ नका. असं का, ते तुमच्या पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून सुरुवात डबल बासपासूनच करू.

व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांच्या शेजारी बसणारं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत खालच्या स्वराचं वाद्य. उंची साधारण सहा फूट. वादक उभं राहून किंवा उंच स्टुलाला टेकून वाजवतो, कधी गजाने, कधी बोटांनी. तारा बहुधा चार. सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे ती तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा कंप पावते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सत्तरच्या आसपास असते. बास त्याच्याही पाऊण सप्तक खाली उतरतो. वरची फळी स्प्रूस या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाची, पाठ आणि बाजू बहुधा मेपलच्या, आणि बोटं जिच्यावर फिरतात ती पट्टी काळ्याभोर आबनुसाची. आवाज खरा करते ती वरची फळी. ती सेंटिमीटरभरही जाड नसते, आणि आजच्या पोलादी तारा मिळून शंभर किलोहून अधिक ताण या सांगाड्यावर देतात.

असं वाद्य कधी ना कधी उलणार, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. रेषांच्या दिशेने ते फारसं हलत नाही, रेषांना आडवं मात्र चांगलंच फुगतं आणि आकसतं. बासची फळी रुंद, म्हणून हे हलणंही मोठं. आता समजा, फळी बाजूंना कायमची जखडून टाकली आणि हवा कोरडी झाली. आकसणाऱ्या फळीला सुटायला जागा नाही, तर ती मधोमध फाटेल. म्हणून जुन्या कारागिरांनी फळी सरसाने चिकटवली, तीही मुद्दाम पातळ केलेल्या सरसाने. ताण आला की आधी सांधा सुटतो आणि फळी वाचते. सुटलेला सांधा पुन्हा बसवणं थोड्या वेळाचं काम आहे, फाटलेली फळी दुरुस्त करायला आठवडे लागतात.

जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस आपल्या सुतारांच्या जुन्या पिढीलाही चांगला माहीत होता. तो गरम करून लावतात, वाळला की कडक होतो, आणि ऊब व ओल दिली की पुन्हा सुटतो. तुमच्या पुतण्याने दाखवलेला कारागीर सुरीने फळी सोडवू शकला तो याच गुणामुळे. पातळ, बोथट पातं सांध्यात सरकवत तो सगळ्या कडेने फिरतो. वाळलेला सरस ठिसूळ असल्याने पातं पुढे जाताना बारीक तडतड ऐकू येते. आवाज नीट येतोय तोवर ठीक. पातं अडलं की थांबायचं, थोडी ओल द्यायची, वाट पाहायची. इथे घाई केली तर फळीचा कपचा सुरीबरोबर निघून येतो.

फळी उचलली की वाद्याचा खरा इतिहास दिसतो. आधीच्या दुरुस्त्या, कुणीतरी मागे चिकटवलेले कापडाचे तुकडे, पेन्सिलीने लिहिलेली नावं आणि वर्षं. भेग आधी कोमट पाण्याने धुतात, कारण तिच्यात साठलेली धूळ, मेण आणि जुना सरस निघाल्याशिवाय नवा जोड बसत नाही. मग भेग बंद करून आतून छोट्या लाकडी चकत्या बसवतात, चकतीच्या रेषा भेगेला आडव्या येतील अशा. जिथे फळी दबून खचली आहे तिथलं लाकूड आतून उथळ खोऱ्यासारखं कोरून काढतात आणि त्या खळग्यात नवा तुकडा बसवतात. हे बसवणं पाहण्यासारखं असतं. खळग्याला खडूची पूड लावायची, तुकडा दाबून उचलायचा, आणि तुकड्यावर जिथे जिथे पांढरं उमटलं तेवढंच छिलायचं. पुन्हा दाबायचं, पुन्हा छिलायचं. सगळ्या अंगावर सारखा खडू उमटला की मगच सरस. एका तळहाताएवढ्या तुकड्यात दिवस जातो.

बंद केल्यावर एक शेवटचं काम उरतं आणि बासचा आवाज निम्मा तरी त्यावर अवलंबून असतो. वाद्याच्या पोटात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या एका पायाच्या जरा मागे, स्प्रूसची एक गोल काठी उभी असते. तिला साउंडपोस्ट म्हणतात. ती चिकटवत नाहीत. वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये ती नुसत्या दाबाने उभी राहते. फळीवरच्या इंग्रजी एफच्या आकाराच्या भोकातून, वाकड्या सळईच्या टोकाला टोचून ती आत नेतात, उभी करतात आणि हलके टोले देत जागेवर आणतात. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी वादकाला फरक कळतो: कधी आवाज मोकळा होतो, कधी गजाखाली तार चरचरते. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर ही काठी पडतेही.

तेव्हा उघडल्याने आवाज बिघडत नाही. बिघडतो तो आत चुकीचं काही लावून बंद केल्याने. कधी कधी तर आधीच्या पिढ्यांनी घातलेली जाड ठिगळं काढल्यावर वाद्य कित्येक वर्षांनी मोकळं बोलतं.

नवंच का घेत नाहीत? घेतातही. उत्तम नवे बास आज बनतात आणि मोठमोठे वादक ते वाजवतात. केवळ वय झालं म्हणून वाद्य चांगलं होतं, यावर माझा विश्वास नाही. अमेरिकन वादक गॅरी कार यांना १९६२ साली एक जुना बास भेट मिळाला. तो अमाती बंधूंनी १६११ साली बनवला, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. पुढे लाकडातल्या वलयांचा अभ्यास झाला आणि ते वाद्य त्याहून बरंच नंतरचं निघालं. पण कार यांनी त्यावर आयुष्यभर जे वाजवलं त्यात याने काडीचाही फरक पडला नाही. जुनं वाद्य राखायचं ते त्याचं लाकूड निवलेलं असतं म्हणून, त्याची घडण कुणा चांगल्या हाताची असते म्हणून, आणि ते दुरुस्त होण्यासारखंच बांधलेलं असतं म्हणून.

आता थोडं आजच्या वादकांविषयी, कारण तुमच्या वीणेलाही ते लागू आहे. जुना बास जसाच्या तसा आज वाजवता येईलच असं नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीत आणि इंग्लंडात तीन तारांचे बास सर्रास होते. व्हेनिसचे डोमेनिको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) आणि त्यांच्यानंतरचे जोव्हानी बोत्तेसिनी (१८२१–१८८९), दोघेही तीन तारांवर वाजवत. बोत्तेसिनी कंडक्टर म्हणूनही मोठे. व्हेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा १८७१ सालचा कैरोतला पहिला प्रयोग त्यांनीच चालवला. पुढे वाद्यवृंदाला चार तारा हव्या झाल्या, तेव्हा जुन्या बासच्या डोक्यात चौथ्या खुंटीची सोय करावी लागली आणि आतला आधारही बदलावा लागला. पूर्वी तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. जाड आणि फळीपासून उंच. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या, त्या खाली, बोटांजवळ आणता येतात, पण ताण वेगळा देतात. मग मानेचा कोन बदला, नवी घोडी घाला, असं करावं लागलं. चर्चमध्ये नुसता खालचा स्वर धरून ठेवायला बनवलेले काही बास इतके रुंद होते की वरच्या स्वरांना हातच पोहोचत नसे. अशांचे खांदे कापून उतरते केले गेले. आज ज्या जुन्या बासचं कौतुक होतं त्यांतले बरेचसे असे कापलेले, जोडलेले, चार-चार हातांनी बदललेले आहेत.

हे सगळं योग्यच झालं, असं मी म्हणणार नाही. काही सुंदर वाद्यं घिसाडघाईने कापली गेली. चांगला कारागीर आज वेगळा नियम पाळतो: जे कराल ते पुढच्याला परत फिरवता आलं पाहिजे. खुंट्या बदलल्या तर जुनी भोकं जपून बुजवा, काढलेला भाग टाकू नका, मापं लिहून ठेवा. नवे बास बनवणारे याच अडचणींतून शिकलेत. खांदे पहिल्यापासूनच उतरते ठेवायचे, तारेची लांबी एक मीटर पाच सेंटिमीटरच्या आसपास आवरायची, घोडीच्या पायांत स्क्रू घालायचे म्हणजे पावसाळ्या-उन्हाळ्यात उंची कमीजास्त करता येते, आणि विमानप्रवासासाठी मान सुटी होईल अशी करायची. माझ्या मते नव्या बांधणीतली बहुतेक शहाणपणाची गोष्ट दुरुस्तीच्या टेबलावरून आलेली आहे.

आपल्याकडे डबल बास दिसला तो मुख्यतः मुंबईत. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आज तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. हिंदी चित्रपटसंगीतात सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय संगीतकारांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं लेखन रुजवलं आणि त्या ताफ्यात बासही होता. जुन्या गाण्यांत ठेक्याच्या तळाशी ‘दुम्, दुम्’ असं जे चालतं, ते बरेचदा बोटांनी छेडलेला डबल बास असतो. हा आवाज तुमच्या कानांना ओळखीचाच आहे, वाद्य मात्र पडद्यामागे राहिलं.

आपल्याकडे अशी दुरुस्ती कुणी करतं का? करतं, आणि फार चांगली करतं. ते गाव मिरज.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा उगमच दुरुस्तीत आहे. तिथले शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारं, हत्यारं दुरुस्त करणारं घराणं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लढाया थांबल्या, हत्यारांचं काम आटलं. त्याच काळात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवई मिरजेत येऊ लागले, त्यांच्या तंबोऱ्या-सतारींची मोडतोड होई, आणि दुरुस्त करणारा जवळ कुणी नव्हता. फरीदसाहेब शिकलगार यांनी ती वाद्यं उघडून, समजून घेऊन दुरुस्त केली आणि मग स्वतः बनवायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांना आणि शिष्यशाखेला आज सतारमेकर म्हणतात, त्यांची गल्लीही त्याच नावाची आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले; १९३७ मध्ये ते गेले आणि त्यांची कबर तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. असे स्वराला कठोर गवई गावातच असल्यावर कारागिराच्या कामाची परीक्षा रोजची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तुमची वीणा बांधणीने छोटा तंबोराच आहे: भोपळा, दांडी, तबली, घोडी, चार तारा. त्यामुळे तंबोऱ्याचा कारागीर तिच्यासाठी योग्य माणूस. या वाद्यांचे भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागात, भीमेच्या काठाने पिकतात. भाजीचा भोपळा याच्या कामाचा नाही. याला जाड सालीचा कडू भोपळा लागतो. वाळवलेला भोपळा कापण्याआधी पाण्यात भिजवतात, आतून साफ करतात आणि बांबूच्या काड्यांनी ताणून त्याला आकार देतात. असा भोपळा फुटला तरी तुकडे जपून ठेवले असले तर जोडता येतो: कडा जुळवायच्या, आतून कापडाचा आधार द्यायचा, बाहेरून भरून, घासून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचं पॉलिश चढवायचं. तबलीची भेग रेषेच्या दिशेने असेल तर ती बुजवून आतून आधार देता येतो. भेग घोडीखालून जात असेल तर मात्र तबली बदलण्याची तयारी ठेवा.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि ती मला भोपळ्याइतकीच महत्त्वाची वाटते. घोडी. डबल बासची घोडी उंच, उभी आणि कोरलेली असते. आपली बसकी आणि रुंद. तारा तिच्या सपाट दिसणाऱ्या पाठीवरून जातात. ती पाठ सपाट नसते, तिला अगदी सौम्य उतार असतो, आणि तार त्या उतारावर चाटून जाते म्हणून तंबोऱ्याचा गुंजता आवाज निघतो. यालाच जवारी म्हणतात. वर्षानुवर्षांच्या वापराने तारा घोडीत चरे पाडतात आणि आवाज ठणठणीत, कोरडा होतो. भजनी मंडळं यालाच ‘वीणा म्हातारी झाली’ असं समजतात. झालेली नसते, जवारी उतरलेली असते. कारागीर घोडी काढतो, कानशीचे दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा काढतो. इथे मोजमापाचं कुठलंही यंत्र उपयोगी पडत नाही. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि एका ठिकाणी आवाज अचानक उमलतो. तिथे धागा ठेवायचा. पूर्वी घोडीसाठी सांबरशिंग, हस्तिदंत वापरत. आता वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झालं आणि उंटाचं हाड, आबनूस किंवा कृत्रिम साहित्य वापरतात. आवाजात त्याने उणेपणा येत नाही, जवारी करणारा हात चांगला हवा.

मिरजेतले कारागीरही आजच्या वादकांचं ऐकून वाद्यं बदलत आहेत. प्रवासाला सोयीची लहान तानपुरी, भोपळ्याऐवजी सपाट लाकडी पेटी असलेला तंबोरा, फायबरचं कव्हर, असे प्रकार तिथे मिळतात. मोबाइलवरच्या तंबोऱ्याने धंद्याला धक्का दिला हे खरं आहे, पण रियाजाच्या खोलीबाहेर, चार माणसांत, खऱ्या तारांची जागा त्याने घेतली असं मला वाटत नाही. सप्ताहात तर प्रश्नच नाही. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, पहाऱ्याचा एक माणूस तिला खांद्यावरून उतरवून दुसऱ्याच्या खांद्यावर देणार, हे मोबाइलने कसं व्हायचं?

आता फेव्हिकॉलचं. तो दारं-खिडक्यांना उत्तम, कारण तिथे सांधा कधीच सुटू नये अशी अपेक्षा असते. वाद्यात तो भेगेच्या लाकडात मुरतो आणि नंतर सरस धरू देत नाही. पुढच्या कारागिराला आधी ते खरवडून काढावं लागतं, म्हणजे थोडं मूळ लाकूडही जातं. अ‍ॅरल्डाइटने तर याहून वाईट होतं. मिरजेतही सगळेच आता सरस वापरत नाहीत, काही सांध्यांना नवे गोंद वापरतात, पण कुठल्या सांध्याला काय लावायचं हे त्यांना ठाऊक असतं.

तुमच्या भागातलं ऊन पाहता भेग परत पडू नये म्हणून काही काळजी घ्या. वीणा पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हं येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. कूलरच्या झोतासमोरही नको. दिवसभर ओली हवा आणि रात्री कोरडी, याने लाकूड जास्त खचतं. सुती कापडात गुंडाळून, घरातल्या आतल्या खोलीत ठेवा. कार्यक्रम संपला की तारा थोड्या उतरवा, पूर्ण सैल करू नका. परदेशी बासवादक कोरड्या हवेत वाद्याच्या पोटात ओल्या स्पंजाची नळी सोडतात. भोपळ्याच्या वाद्यात मात्र ते करू नये, भोपळ्याला बुरशी धरते.

मिरजेला पाठवायचं ठरलं तर सप्ताहाच्या तोंडावर नेऊ नका, कारागिराला दोन महिने तरी द्या. नेण्याआधी घोडीच्या पायांभोवती तबलीवर पेन्सिलीने हलकी खूण करा, मग तारा उतरवून घोडी वेगळी, कापडात गुंडाळून न्या. भोपळ्याचे निघालेले कपचे, अगदी नखाएवढेसुद्धा, एका डबीत सोबत द्या. भोपळ्याभोवती जुन्या गोधड्या भरा आणि वीणा कुणाच्या तरी मांडीवर न्या, पार्सलने नको. जाताना मंडळातलं एखादं तरुण पोर बरोबर घ्या आणि त्याला एक दिवस तरी तिथे बसून काम पाहू द्या. तारा चढवणं, सूत सरकवणं एवढं तो शिकला तरी दर वर्षीची एक खेप वाचेल. आणि वीणा परत घेताना बदललेली जुनी घोडी, खुंट्या, तबली, जे काही काढलं असेल ते मागून घ्या. कारागीर ते देतात. मंदिरात जपून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला मापं त्यावरूनच घ्यावी लागतील.